अरिहंत: क्षेपणास्त्राआधी भट्टी

सागरतळ (धागाकर्ता)

'अरिहंत' किंवा 'अरिघात' या आपल्या क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुड्यांची बातमी आली की चर्चेची गाडी थेट क्षेपणास्त्राच्या पल्ल्यावर जाते. के-४ क्षेपणास्त्र कुठवर पोचतं, बीजिंग टप्प्यात येतं का, वगैरे. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, त्यावरही लिहितो. पण या प्रकल्पाची तीस-पस्तीस वर्षं नेमकी कशात गेली हे बघू लागलं की कळतं, खरा घाम काढला तो भट्टीने. अकरा मीटर रुंदीच्या बोटीत मावेल, समुद्रात डुलेल, धक्के खाईल आणि तरी माणसं तिच्यापासून काही पावलांवर निर्धास्त झोपतील अशी अणुभट्टी. ही बाजू मराठीत फारशी कुणी मांडत नाही. त्यात मुंबईतल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या लोकांचा मोठा वाटा आहे, म्हणून हा धागा.

आपल्याकडे अणुभट्ट्यांचा अनुभव नव्हता असं नाही. ट्रॉम्बेला 'अप्सरा' १९५६ सालीच सुरू झाली, 'सायरस' १९६० मध्ये. तारापूरचं केंद्र १९६९ पासून वीज देतंय, पण त्या भट्ट्या अमेरिकेने बांधून दिलेल्या. पुढे आपण स्वतःच्या बळावर जो मार्ग धरला तो नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याचा. वीजकेंद्रासाठी तो उत्तम, पण ती भट्टी आकाराने अवाढव्य असते, पाणबुडीत बसणं शक्यच नाही. पाणबुडीला लागते समृद्ध युरेनियमवर चालणारी, साध्या पाण्याच्या उच्च दाबावरची छोटी भट्टी. समृद्ध युरेनियम या कामासाठी जगात कोणी विकत देत नाही. म्हणजे आधी म्हैसूरजवळ रत्तेहळ्ळीला युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा (वेगाने फिरणाऱ्या नळकांड्यांचा) कारखाना उभारा, त्यातून इंधन मिळवा, मग भट्टी.

आणखी एक अडचण. वीजकेंद्रातली भट्टी एकदा लावली की महिनोन्महिने जवळपास एकाच शक्तीवर चालते. पाणबुडीच्या कप्तानाला मात्र आत्ता चार नॉटचा संथ वेग हवा आणि पुढच्या काही मिनिटांत पूर्ण वेग. भट्टीने तेवढ्या वेळात शक्ती वाढवायची, परत उतरवायची, आणि हे सगळं बोट तिरकी झालेली असताना. नियंत्रण दांड्यांची यंत्रणा, पंप, वाफ तयार करणारी जनित्रं, प्रत्येक गोष्टीचा विचार नव्याने करावा लागला.

सत्तरच्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्रात पहिले आराखडे झाले. ते पाणबुडीला चालणारे नाहीत असं नौदलाच्या काही अधिकाऱ्यांचं स्पष्ट मत होतं आणि त्यावरून दोन्ही बाजूंत चांगलीच जुंपली. आराखड्यांवर टीका करणाऱ्या एका निवृत्त नौदल कॅप्टनला १९८८ मध्ये मुंबई विमानतळावर हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. त्याने आयआयटी मुंबईतून पीएचडी केली होती आणि तो प्रबंधच गोपनीय कागद म्हणून त्याच्याविरुद्ध ठेवला गेला. पुढे न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरवलं. या प्रकल्पाच्या इतिहासात अभिमानाच्या जागा पुष्कळ आहेत, पण हे पान वगळून तो सांगता येणार नाही. ज्या माणसाने तांत्रिक शंका काढली त्याला तुरुंगात जावं लागलं.

त्याच १९८८ साली सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली 'आयएनएस चक्रा' विशाखापट्टणमला आली. तीन वर्षांनी ती परत गेली, पण अणुपाणबुडी चालवायची म्हणजे काय हे आपल्या लोकांना तिने शिकवलं. मधल्या काळात 'एटीव्ही' (अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल) या साध्याशा नावाखाली काम चालूच होतं.

कलाटणी मिळाली ती तमिळनाडूत कल्पाक्कमला. तिथे जमिनीवर पाणबुडीचा मागचा भाग जसाच्या तसा उभारला: भट्टी, वाफेची यंत्रणा, टर्बाइन, सगळं बोटीत बसेल त्याच मापात. २००३ मध्ये ती भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया आपल्या आपण चालू राहिली, २००६ मध्ये पूर्ण शक्तीवर चालली, आणि जगाला दाखवली ती थेट २ ऑगस्ट २००९ रोजी. भट्टीच्या कामाची धुरा होती डॉ. शेखर बसूंकडे आणि त्या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. दोघेही मुंबईच्या व्हीजेटीआयचे मेकॅनिकल इंजिनिअर. बसू सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने गेले. त्यांच्या कामाच्या मानाने त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक असेल. २६ जुलै २००९ ला, कारगिल विजय दिनी, गुरशरण कौर यांनी नारळ फोडला, गोदीत पाणी सोडलं आणि बोट तरंगली. पंतप्रधान मनमोहन सिंग हजर होते, त्यांनी रशियाचे जाहीर आभारही मानले. त्यानंतर बोटीतली भट्टी क्रिटिकल व्हायला १० ऑगस्ट २०१३ उजाडला. चार वर्षं! त्या वेळी वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली. पण बोटीतल्या वाफेच्या नळ्या, झडपा, टर्बाइन आधी किनाऱ्यावरून वाफ देऊन तपासावे लागतात, कारण भट्टी एकदा पेटल्यावर त्या भागात सहज हात घालता येत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ती समुद्रात गेली, ऑगस्ट २०१६ मध्ये गाजावाजा न करता नौदलात आली, आणि पहिली गस्त पूर्ण झाल्याचं पंतप्रधान मोदींनी ५ नोव्हेंबर २०१८ ला जाहीर केलं. २९ ऑगस्ट २०२४ ला 'अरिघात' दाखल झाली.

माझं म्हणणं एवढंच: 'अरिहंत'चं मोजमाप तिच्यावरच्या क्षेपणास्त्राने करू नका. क्षेपणास्त्र बदलता येतं. ८३ मेगावॉटची भट्टी घेऊन पाण्याखाली राहण्याची विद्या हाती लागली, ती या बोटीची कमाई. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांव्यतिरिक्त अशी बोट बांधून चालवणारा आपल्याशिवाय दुसरा देश नाही.

---

गिअरवाला

सुरेख धागा. वालचंदनगरचा उल्लेख नुसता 'पुणे जिल्हा' म्हणून उरकलात, म्हणून भर घालतो. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने 'अरिहंत'चा गिअरबॉक्स बनवला. मी चाकणला गिअर कापण्याच्याच धंद्यात आहे, आमचं काम यापुढे किरकोळ, पण यात काय अवघड आहे ते सांगू शकतो.

टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे मारतं. बोटीचा पंखा (प्रोपेलर) मात्र सावकाश फिरायला हवा, नाहीतर पाण्यात बुडबुडे उठतात आणि आवाज होतो. मधली सगळी घट गिअरबॉक्सने करायची. दात तिरके कापतात, म्हणजे एक दात सुटायच्या आत दुसरा पकडतो. पण दातांच्या अंतरात काही मायक्रॉनची जरी चूक राहिली तरी प्रत्येक फेऱ्यात ती ठरावीक वारंवारतेने गुणगुणते. शत्रूच्या सोनारवर (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रणेवर) ती एक सरळ रेघ म्हणून दिसते, आणि त्या रेघेवरून बोट ओळखता येते.

एवढ्या व्यासाचं चाक हॉबिंगला, म्हणजे दात कापायला, लावलं की मशीन मध्येच थांबवायचं नसतं. थांबवलं, तापमान दोन अंश हललं, की त्या जागी दातावर पायरी पडते. म्हणून शेडचं तापमान दिवसरात्र एकच ठेवतात आणि पाळी बदलली तरी मशीन चालूच राहतं. नंतर जुळणी. पिनियनच्या (छोट्या चाकाच्या) दातांना ब्लू, म्हणजे निळा रंग, लावायचा, हाताने फिरवायचं, समोरच्या चाकावर ठसा कुठे उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या एका टोकाकडे सरकला की समजायचं बेअरिंगची रेषा चुकलीय, खोला परत. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या गिअरला ठसा साठ टक्के रुंदीवर आला तरी पास. पाणबुडीच्या गिअरला तसं चालत नाही.

साखर कारखान्याच्या यंत्रांसाठी नाव असलेल्या कंपनीने हे केलं, याचा आमच्या धंद्यातल्या माणसाला फार अभिमान वाटतो.

---

अनुजा_पी

धागा आवडला, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न आहेत.

पहिला: आपलं धोरण 'प्रथम वापर नाही' असं आहे. मग जमिनीवर अग्नी क्षेपणास्त्रं आहेत, विमानं आहेत, हे तिसरं अंग कशाला?

दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. मी वाचलंय की शांततेच्या काळात आपल्याकडे अण्वस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात असतात. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. पाणबुडीत ती कशी पाळणार?

---

सागरतळ

@गिअरवाला: हे तुम्हीच लिहायला हवं होतं, माझ्याने झालं नसतं. अजून लिहा.

@अनुजाताई: पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. पहिला वार आपण करणार नाही असं म्हटलं की पहिला वार सोसून उरणारं काहीतरी लागतं. जमिनीवरचे तळ उपग्रहाला दिसतात, विमानतळ तर कुठे हलतच नाहीत. समुद्राखालची बोट तेवढी सापडत नाही. जो देश पहिला वार करायला मोकळा आहे त्यापेक्षा अशा बोटीची गरज आपल्याला जास्त आहे. ४ जानेवारी २००३ ला सरकारने जे अणुधोरण जाहीर केलं त्याचा गाभा हाच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'अरिहंत'वरून चाचणी झाली तेव्हाच्या अधिकृत निवेदनातही 'प्रथम वापर नाही' या बांधिलकीचा उल्लेख होता.

जाता जाता: मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही बोट समुद्रात गेली आणि नौदलातही आली. याच पर्रीकरांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये 'स्वतःला असं बांधून का घ्यायचं' असा सवाल वैयक्तिक मत म्हणून केला होता. मला ते पटलं नव्हतं. हाती पाणबुडी आली की या धोरणावर ठाम राहणं उलट सोपं होतं, कारण घाई करायचं कारण उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर नाखवा बोलतील तर बरं.

---

नाखवा

मी नौदलात तांत्रिक शाखेत होतो, पाणबुडीवर नव्हतो, त्यामुळे जे सार्वजनिक आहे तेवढंच सांगतो.

अनुजाताई, तुमची शंका रास्त आहे. गस्तीवर निघालेल्या बोटीत नळीतलं क्षेपणास्त्र पूर्ण तयार असावं लागतं, मधल्या समुद्रात कुणी अस्त्र आणून जोडणार नाही. म्हणजे जमिनीवर जी फारकत आपण पाळतो ती इथे जागेने पाळता येत नाही. तिची जागा घेतात संकेत आणि कुलपं. आदेश फक्त अण्वस्त्र कमांड प्राधिकरणाच्या राजकीय परिषदेकडून येऊ शकतो, तिचे अध्यक्ष पंतप्रधान. बोटीवर कुणा एकट्याच्या हातात काहीच नसतं. तरी मुलकी नियंत्रणाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे आणि त्यावर आपल्याकडे चर्चा फार कमी होते. क्षेपणास्त्राच्या पल्ल्यावर जेवढा कागद खर्ची पडतो त्याच्या चतुर्थांशही यावर पडत नाही.

आता आवाजाबद्दल. अणुपाणबुडी म्हणजे शांत असा बऱ्याच जणांचा समज असतो. बॅटरीवर चालणारी डिझेल पाणबुडी कमी वेगात जास्त शांत असते. तिच्यात हलणारं काही फारसं नसतंच. अणुभट्टी बंद करून बसता येत नाही, शीतक पाणी फिरवणारे पंप चालू, टर्बाइन चालू. डिझेलवालीची अडचण वेगळी: बॅटरी चार्ज करायला तिला पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढावी लागते आणि तिथेच ती सापडते. अणुपाणबुडीला वर यायची गरज नाही, हवा आणि पाणी ती समुद्रातूनच बनवते. गस्त संपते ती शिधा संपला म्हणून.

नीट बांधली तर किती शांत होऊ शकते, तर फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटनची 'व्हॅन्गार्ड' आणि फ्रान्सची 'ल त्रियोंफां' अटलांटिकमध्ये पाण्याखाली एकमेकींवर आदळल्या. दोन्ही क्षेपणास्त्रवाहू, दोन्ही गस्तीवर, आणि आदळेपर्यंत एकीलाही दुसरीचा पत्ता नाही.

---

निखिल_कनेक्टिकट

मी अमेरिकेत ग्रोटनच्या जवळ राहतो. जगातली पहिली अणुपाणबुडी 'नॉटिलस' इथे संग्रहालय म्हणून ठेवली आहे, येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला नेतो. कल्पाक्कमचं वाचून तेच आठवलं. अमेरिकी नौदलाचा अणुकार्यक्रम उभारणाऱ्या अ‍ॅडमिरल रिकोव्हरनेही आधी आयडाहोच्या वाळवंटात पाणबुडीच्या सांगाड्याच्या आत भट्टी बसवली होती. १९५३ मध्ये ती क्रिटिकल झाली, आणि अटलांटिक ओलांडायला जितकं चालावं लागेल तितकी ती जागच्या जागी न थांबता चालवली. मग जानेवारी १९५५ मध्ये 'नॉटिलस' समुद्रात. म्हणजे आधी जमिनीवर, मग बोटीत, हा क्रम आपण बरोबर धरला.

पण अमेरिकेने आधी हल्ला-पाणबुड्या (शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या शोधून बुडवणाऱ्या) बांधल्या, क्षेपणास्त्रवाहू नंतर. पहिली क्षेपणास्त्रवाहू 'जॉर्ज वॉशिंग्टन' तर बांधकाम चालू असलेल्या हल्ला-पाणबुडीचा सांगाडा मधोमध कापून, त्यात क्षेपणास्त्रांचा जवळजवळ चाळीस मीटरचा तुकडा घालून केली. आपण थेट अवघड पेपरलाच बसलो असं नाही का वाटत?

---

सागरतळ

@निखिल: अगदी बरोबर प्रश्न. फ्रान्सनेही आपल्यासारखंच केलं, 'ल रदूताब्ल' १९७१ मध्ये आली आणि अणुशक्तीवरच्या हल्ला-पाणबुड्या नंतर. पैसा आणि माणसं मर्यादित असली की आधी प्रतिरोध (शत्रूला वार करण्यापासून परावृत्त करणारी ताकद), मग बाकीचं, असा तो हिशेब. आपल्याकडे स्वदेशी अणु हल्ला-पाणबुड्यांना मंजुरी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, दोन बोटींना. मला हा उशीर खटकतो. क्षेपणास्त्रवाहू बोटीला राखण लागते, ती राखण हल्ला-पाणबुडीच नीट करू शकते.

---

विश्वास_सोलापूर

पल्ल्यावर लिहितो म्हणालात, ते राहिलं की. माझ्या मते तिथेच खरी मेख आहे. ७५० किमी पल्ल्याचं के-१५ क्षेपणास्त्र घेऊन फिरणारी बोट कोणाला धाक घालणार?

---

सागरतळ

विश्वासराव, घ्या.

के-१५ चा पल्ला ७५० किमी. कराची ते इस्लामाबाद अंतरच हजार-बाराशे किलोमीटर आहे, म्हणजे अरबी समुद्रात अगदी पाकिस्तानच्या किनाऱ्याला खेटून उभं राहिलं तरी इस्लामाबाद टप्प्यात नाही. चीनचा तर प्रश्नच नाही. के-४ चा पल्ला ३,५०० किमी. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'अरिघात'वरून त्याची चाचणी झाली. त्याने पाकिस्तानचा प्रश्न बंगालच्या उपसागरातूनच सुटतो. पण कोलकाता ते बीजिंग सरळ रेषेत सव्वातीन हजार किलोमीटर आहे. म्हणजे बीजिंगसाठी बोटीला उपसागराच्या पार उत्तर टोकाला जायला हवं, आणि तिथे पाणी उथळ, वर जहाजांची वर्दळ. लपायला ती जागा वाईट. पाच हजारांच्या पुढचं क्षेपणास्त्र येईल तेव्हाच बोट दक्षिणेला खोल पाण्यात निवांत राहू शकेल.

तुमच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. फक्त क्रम बघा. 'अरिहंत'ला उभ्या चार नळ्या आहेत. एकेका नळीत तीन के-१५ किंवा एक के-४. नळी तीच, बोट तीच, भट्टी तीच. पल्ला वाढवायचं काम बोट बांधून झाल्यावरही करता येतं. भट्टीचं तसं नाही. १९९८ च्या पोखरणनंतर आपल्याकडे क्षेपणास्त्राचं तंत्र होतं, भट्टी नव्हती, म्हणून पाणबुडी नव्हती.

---

विश्वास_सोलापूर

हे पटलं. तरी मी म्हणेन की २०१८ मध्ये 'त्रिशूळ पूर्ण झाला' (जमीन, हवा आणि समुद्र तिन्हीकडून अण्वस्त्र डागता येतं) असं जे जाहीर झालं ते घाईचं होतं. चीनच्या संदर्भात तो अजून पूर्ण नाही.

---

पूर्वा_हैदराबाद

इथल्या एका जवळच्या विषयाची भर. खोल पाण्यातल्या बोटीला आदेश पोचवायचा कसा? साधा रेडिओ खाऱ्या पाण्यात शिरत नाही. अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी काही मीटर खोल जातात, त्यासाठी प्रचंड मोठे मनोरे लागतात. एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे, 'आयएनएस कट्टबोम्मन'. दुसरं आमच्याकडे विकाराबादजवळ दामगुंडमच्या जंगलात होतंय, ऑक्टोबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. झाडतोडीवरून इथे बराच विरोध झाला. मूसी नदी त्याच डोंगरांत उगम पावते, हैदराबादकरांना त्याची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. देशाच्या संरक्षणाचा विषय म्हटला की स्थानिकांचं म्हणणं ऐकून घ्यायची गरज संपते असं मला वाटत नाही. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात कुठे, किती लावणार आणि ती जगणार का, हे लोकांना कळलं पाहिजे.

---

नाखवा

पूर्वाताई, सहमत. तांत्रिक बाजू एवढीच की हा संवाद एकतर्फी असतो. बोट ऐकते, बोलत नाही. बोलली की सापडली. म्हणून किनाऱ्यावर एकच केंद्र असून भागत नाही. ते पडलं तर बोट बहिरी होते. दुसरं केंद्र हवंच, ते कुठे हवं यावर वाद होऊ शकतो.

---

अनुजा_पी

नाखवाकाका, उत्तराबद्दल आभार. शेवटचं विचारते. अशा किती बोटी असल्या म्हणजे पुरे?

---

नाखवा

ब्रिटनने १९६९ पासून एक तरी बोट कायम समुद्रात ठेवलीय आणि त्यासाठी त्यांना चार लागतात. एक गस्तीवर, एक नुकती परतलेली, एक निघायच्या तयारीत, एक मोठ्या दुरुस्तीला. दुरुस्तीचा काळ वर्षांत मोजावा लागतो. दोन बोटींत आपल्याला अखंड गस्त ठेवता येणार नाही, तणाव वाढला की बाहेर काढायची, एवढंच. तिसरी 'अरिधमन' आधीच्या दोघींपेक्षा मोठी आहे, तिला चारऐवजी आठ नळ्या. चौथीही त्याच मापाची. चौघी हाताशी आल्या आणि त्यांच्यासाठी विशाखापट्टणमच्या दक्षिणेला रांबिल्लीचा तळ पूर्ण चालू झाला की मग अखंड गस्तीची भाषा करता येईल. पूर्व किनाराच का, तर तिथे खोल पाणी किनाऱ्यापासून जवळ आहे. मुंबईबाहेर उथळ पट्टा खूप लांबवर जातो, बोटीला बुडी मारायला फार दूर जावं लागतं आणि तोवर ती वरून दिसत राहते.